क्लाउडवर बॅकअप आहे, तरी गेमची जुनीच सेव्ह परत येते: कारणं आणि उपाय

तक्रारीचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. गेममधली प्रगती जिथे साठते ते सेव्हचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये किंवा ड्रॉपबॉक्समध्ये नेलं, हिरवी टिक दिसत होती, दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी गेम उघडला तर चार दिवसांपूर्वीची सेव्ह समोर. कधी ‘न्यू गेम’शिवाय काहीच नाही. कशीबशी सेव्ह परत मिळवली, तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण मांडणीच चुकलेली असते. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच पोचते, आणि बहुतेक वेळा मिनिटभरातच. बॅकअप म्हणजे गेम बंद झाल्यावर घेतलेली, आधीच्या प्रतींना धक्का न लावता वेगळी राहणारी प्रत. क्लाउड दोन्हीकडे तोच असू शकतो, पण त्याच्याकडे फाइल कशी जाते यावर सगळं अवलंबून आहे.

सेव्ह आत्ताच गेली असेल तर

गेम पुन्हा उघडून बघू नका. बऱ्याच गेम उघडताक्षणी ऑटोसेव्ह करतात आणि उरलीसुरली चांगली फाइलही त्यात जाते. आधी इंटरनेट बंद करा, सिंकचं ॲप ‘पॉज’ करा आणि सेव्हचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं डेस्कटॉपवर कॉपी करा. बिघडलेलं असलं तरी करा. पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करायचे.

मग फाइलचा आकार बघा. शून्य बाइट असेल तर निदान सोपं आहे. पण लाईट गेल्यावर होणारा बिघाड फसवा असतो: आकार बरोबर दिसतो आणि आत मात्र नुसती शून्यं भरलेली असतात. ओळखायची युक्ती अशी की त्या फाइलची झिप करून बघा. 8 एमबीची फाइल दाबून 8-10 केबीची झाली तर आत काही उरलेलं नाही. खरी सेव्ह कितीही दाबली तरी इतकी बारीक होत नाही.

चांगली प्रत दोन ठिकाणी सापडू शकते. पहिलं ठिकाण गेमच्याच फोल्डरमध्ये. स्टारड्यू व्हॅली प्रत्येक शेताच्या फोल्डरमध्ये आदल्या दिवसाच्या दोन फाइल ठेवते, त्यांच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘ओल्ड’ असतं. नव्या दोन्ही फाइल बाजूला काढा आणि जुन्या दोन्हींच्या नावातला तो शेपटाचा भाग काढून टाका. एकीचंच नाव बदललं तर मेनूत एक दिवस दिसतो आणि आत दुसरा. एल्डन रिंग मूळ सेव्हशेजारी ‘बॅक’ शेपटाची प्रत ठेवते. माइनक्राफ्ट जावामध्ये ‘लेव्हल डॉट डॅट’ची एक जुनी प्रत असते, पण तिच्यात जगाची सेटिंग आणि खेळाडूची स्थिती एवढंच आहे, बांधलेली घरं तिच्यातून परत येत नाहीत.

दुसरं ठिकाण म्हणजे क्लाउडची व्हर्जन हिस्टरी. ही ब्राउझरमधून बघा, डेस्कटॉप ॲपमधून नको. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात एका फाइलच्या शेवटच्या 25 आवृत्त्या मिळतात. गुगल ड्राइव्ह 30 दिवस किंवा 100 आवृत्त्या ठेवतो, ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं 30 दिवस. 25 हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण दर पाच मिनिटांनी ऑटोसेव्ह करणारा गेम तो दोन-सव्वादोन तासांत संपवतो. म्हणून उशीर करू नका.

सेव्ह नक्की कुठे आहे

निम्म्या तक्रारी चुकीच्या फोल्डरचा बॅकअप घेतल्याच्या असतात. गेम जिथे इन्स्टॉल केला तिथे सेव्ह असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच.

विंडोजमध्ये आधी अ‍ॅपडेटा बघायचं. ते लपवलेलं फोल्डर आहे, त्यात तीन खोल्या: रोमिंग, लोकल आणि लोकललो. स्टारड्यू व्हॅली, माइनक्राफ्ट जावा, फॅक्टोरिओ आणि एल्डन रिंग रोमिंगमध्ये. युनिटी या गेम-इंजिनवर बनलेल्या पुष्कळ गेम लोकललोमध्ये आधी कंपनीच्या आणि मग गेमच्या नावाचं फोल्डर करतात. हॉलो नाइट त्यातलीच. स्कायरिम आणि टेरारिया डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये, विचर 3 थेट डॉक्युमेंट्समध्ये. काही गेम ‘सेव्ह्ड गेम्स’ नावाच्या, कोणी कधी न उघडलेल्या फोल्डरमध्ये. स्टीम क्लाउड थेट वापरणाऱ्या काही गेमच्या फाइल स्टीमच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमध्ये खात्याच्या क्रमांकाखाली आणि गेमच्या क्रमांकाखाली मिळतात. शंका असेल तर पीसीगेमिंगविकीवर गेमचं पान उघडा. तिथे सेव्हचा आणि सेटिंगचा मार्ग वेगवेगळा दिलेला असतो.

इथे तीन खाचखळगे आहेत.

डॉक्युमेंट्स जागा बदलतं. वनड्राइव्हने ‘फोल्डर बॅकअप’ सुरू करायचं विचारलं आणि घाईत ‘हो’ दाबलं, की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतं. ज्या गेम विंडोजला पत्ता विचारतात त्या नव्या जागी जातात. ज्यांच्यात पत्ता ठोकून बसवलेला आहे त्या जुन्याच जागी नवं फोल्डर तयार करतात. आता सेव्हची दोन फोल्डरं झाली आणि बॅकअप भलत्याचाच चालू आहे. दोन्ही उघडा, शेवटच्या बदलाची वेळ बघा, गेममध्ये एकदा सेव्ह करा आणि कुठली वेळ हलते ते पाहा. यापेक्षा खात्रीची चाचणी नाही.

काही गेम प्रगती फाइलमध्ये ठेवतच नाहीत. युनिटीच्या ‘प्लेअरप्रेफ्स’मध्ये ठेवलेली माहिती विंडोजवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात जाते. छोट्या इंडी गेममध्ये उघडलेल्या लेव्हल तिथेच नोंदलेल्या असतात. फोल्डर कितीही नीट जपलं तरी ही माहिती त्यात नसते.

तिसरा खळगा आपल्याकडे हमखास भेटतो. विंडोजचं युजर फोल्डर देवनागरीत असेल तर काही जुन्या गेमना तो मार्ग वाचताच येत नाही. सेव्ह होतच नाही किंवा भलतीकडे जाते. सेटिंगमध्ये नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नवं लोकल खातं उघडणं हाच खरा उपाय.

जुनी सेव्ह परत का येते

सगळ्यात लोकप्रिय जुगाड म्हणजे जंक्शन: सेव्हचं खरं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवायचं आणि मूळ जागी त्याकडे बोट दाखवणारी लिंक करायची. गेमला काही कळत नाही, फाइल थेट क्लाउडवर जाते. उलट बाजूने, म्हणजे वनड्राइव्हच्या आत लिंक करून बाहेरचं फोल्डर दाखवलं, तर मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबा नाही. ड्रॉपबॉक्सनेही अशा लिंकमागच्या बाहेरच्या फाइल सिंक करणं 2019 मध्ये बंद केलं. पण लिंक बरोबर बाजूने केली तरी ती धोक्याचीच आहे, आणि त्याचं कारण माइनक्राफ्टमध्ये स्पष्ट दिसतं.

माइनक्राफ्ट जावाला स्वतःचा क्लाउड नाही, म्हणून तिथे हा जुगाड सर्रास केला जातो. तिथलं एक जग म्हणजे एक फाइल नव्हे. ‘रीजन’ फोल्डरमधली प्रत्येक फाइल 32 गुणिले 32, म्हणजे 1,024 चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळते. शिवाय खेळाडूंची माहिती वेगळी, लेव्हलची वेगळी. गेम चालू असताना या फाइल वेगवेगळ्या क्षणी लिहिल्या जातात. सिंक ॲप मधेच येऊन अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या उचलतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते जग उघडलं की पेटी रिकामी आणि त्यातलं सामान तुमच्या खिशातही नाही, किंवा डोंगराचा एक चौकोन सरळ कापल्यासारखा गायब. ‘सेशन डॉट लॉक’ ही फाइल तर गेमने धरूनच ठेवलेली असते, तिच्यावर सिंक ॲप अडून बसतं आणि ‘सिंक पेंडिंग’ संपतच नाही.

त्यात दोन कॉम्प्युटर आले की कॉन्फ्लिक्ट. घरच्या मशीनवर खेळलात, अपलोड पूर्ण व्हायच्या आत शटडाउन केलं, मग लॅपटॉपवर खेळलात. दोन्हीकडे ‘नवी’ फाइल. ड्रॉपबॉक्स एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ घालतो, वनड्राइव्ह कॉम्प्युटरचं नाव जोडतो, आणि सिंकथिंग हे कॉम्प्युटर एकमेकांशी थेट सिंक करणारं ॲप ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख. तुमची प्रगती गेलेली नसते, फक्त तिचं नाव बदललेलं असतं आणि गेमला ते नाव माहीत नसतं. म्हणून जुनी सेव्ह दिसली की सगळ्यात आधी फोल्डरमध्ये असं विचित्र नाव शोधा.

फाइल ‘ऑनलाइन-ओन्ली’ होणं हा त्याहून गुपचूप प्रकार. वनड्राइव्ह जागा वाचवायला फाइलचं नुसतं नाव ठेवतो आणि मजकूर क्लाउडवर. विंडोजचं स्टोरेज सेन्स तसं सेट केलेलं असेल तर बरेच दिवस न उघडलेल्या फाइलही अशाच पोकळ होतात. महिन्याने गेम उघडला, नेट नेमकं बंद, गेमला फाइल वाचता आली नाही, त्याने ‘सेव्ह नाही’ असं ठरवून नवी कोरी सेव्ह लिहिली. नेट आल्यावर तीच वर गेली. सेव्ह वनड्राइव्हमध्येच ठेवायची असेल तर फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडणं सक्तीचं समजा.

घड्याळाचं प्रकरण कोणाच्या लक्षात येत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ स्थानिक समजतं आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजतं. भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे, आणि त्या काळात केलेल्या सेव्हवर तीच मागची वेळ. ‘नवी वेळ जिंकते’ या नियमावर चालणारं कुठलंही साधन मग तुमची ताजी सेव्ह जुनी ठरवतं. सिंकथिंगही कॉन्फ्लिक्टमध्ये जुन्या वेळेच्याच फाइलचं नाव बदलतं. फाइलच्या वेळेत 5 तास 30 मिनिटांचा फरक दिसला तर दुसरीकडे शोधू नका. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने मदरबोर्डची वेळ स्थानिक ठेवायला सांगा, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन कीखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचं डीवर्ड मूल्य 1 करा. दोन्ही एकदम केलंत तर फरक पुन्हा उभा राहतो, या वेळी उलट्या दिशेने. आणि पीसी प्लगमधून काढल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला आहे. तो आधी बदला.

शेवटचं कारण दुहेरी क्लाउड. स्टीम क्लाउड चालू आहे आणि त्याच फोल्डरवर तुमचा ड्रॉपबॉक्सही. स्टीम गेम सुरू होण्याआधी फाइल खाली उतरवतो, ड्रॉपबॉक्स त्याच क्षणी दुसरी उतरवतो. कोण शेवटी पोचेल त्याचा काही नेम नाही. स्टीम क्लाउड असू द्या, तो कामाचा आहे, पण थेट सिंक त्या एकाचंच असू द्या. दुसरा क्लाउड फक्त प्रती ठेवायला.

टिकणारी मांडणी

सेव्ह मूळ जागीच राहू द्यायची. गेम बंद झाल्यावर तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यायची, ते फोल्डर क्लाउडवर चढवायचं. यासाठी सध्या लुडुसावी आणि आरक्लोन ही जोडी सगळ्यात बरी. दोन्ही फुकट, मुक्तस्रोत, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. लुडुसावी पीसीगेमिंगविकीच्या माहितीवरून हजारो गेमच्या सेव्ह शोधतं आणि रजिस्ट्रीतल्याही उचलतं. आरक्लोन तुमच्या स्वतःच्या क्लाउड खात्याशी बोलतं. मधे तिसऱ्या कोणाचा सर्व्हर नाही.

1. लुडुसावी उघडून ‘अदर’ या टॅबमध्ये जा. ‘रूट्स’खाली तुमची स्टीम, एपिक, जीओजी लायब्ररी आहे का पाहा, नसेल तर शोधायचं बटण दाबा.

2. बॅकअपचं फोल्डर साध्या ठिकाणी ठेवा, उदाहरणार्थ दुसऱ्या ड्राइव्हवर. ते वनड्राइव्हच्या आत ठेवू नका. क्लाउडचं काम आरक्लोन करणार आहे.

3. रिटेन्शन, म्हणजे किती जुन्या प्रती ठेवायच्या ते बदला. ही पायरी बहुतेक जण गाळतात. सुरुवातीला फुल बॅकअप 1 आणि डिफरन्शियल (फक्त बदललेला भाग ठेवणाऱ्या प्रती) 0 असं असतं, म्हणजे नवी प्रत आली की जुनी गेली. बिघडलेल्या सेव्हचा बॅकअप झाला की चांगली संपली. फुल 3 आणि डिफरन्शियल 4 करा. एका फुलसोबत चार फरक-प्रती, असे तीन संच, मिळून परत जाता येतील असे 15 टप्पे. मोठा बॉस मारायच्या आधीची किंवा शेवटाच्या फाट्याची प्रत लॉक करून ठेवता येते. ती या मोजणीत पुसली जात नाही.

4. फॉरमॅट झिप ठेवा. हा हट्ट सुबकपणासाठी नाही. गुगल ड्राइव्हवर आरक्लोन सेकंदाला साधारण दोनच फाइल चढवू शकतं, मग तुमचं फायबर कितीही वेगवान असो. 3,000 सुट्या फाइलचं जग म्हणजे 25 मिनिटं. तेच एका झिपमध्ये असेल तर वेळ फक्त आकारावर ठरतो.

5. ‘प्रिव्ह्यू’ दाबा. तुमचा गेम यादीत नसेल तर ‘कस्टम गेम्स’मध्ये नाव आणि फोल्डरचा मार्ग घाला. यादीत असून आकार काही केबीच दिसत असेल तर बहुधा फक्त सेटिंगची फाइल सापडली आहे. मार्ग पुन्हा तपासा.

6. आता क्लाउड. आरक्लोन उतरवून कुठल्या तरी कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा, डाउनलोड्समध्ये नको. लुडुसावीच्या क्लाउड भागात त्याचा मार्ग द्या आणि सेवा निवडा. ब्राउझर उघडेल, खात्यात शिरून परवानगी द्या. फुकट जागा वनड्राइव्हवर 5 जीबी, ड्रॉपबॉक्सवर 2 जीबी, गुगलवर 15 जीबी, पण गुगलची जागा जीमेल आणि फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते. लग्नाचे व्हिडिओ असलेलं खातं यासाठी वापरू नका.

7. पहिला बॅकअप घ्या, मग ब्राउझरमधून क्लाउडवर झिप खरोखर दिसते का ते डोळ्यांनी पाहा.

गेम बंद झाला की आपोआप बॅकअप हवा असेल तर प्लेनाइट या गेम-लाँचरसाठी लुडुसावीचं प्लगइन आहे. स्टीममध्ये लाँच ऑप्शनमधून लुडुसावीची ‘रॅप’ सोय वापरता येते, पण ती गेम सुरू होण्याआधी रिस्टोअरही करू पाहते, हे ध्यानात ठेवा. एकाच मशीनवर खेळत असाल तर त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. झोपेत ‘हो’ दाबलं की जुनी सेव्ह परत, आणि या वेळी दोष फक्त बोटाचा.

‘लोकल आणि क्लाउड यांच्यात कॉन्फ्लिक्ट आहे’ असा इशारा आला तर ते साधन मोडलेलं नाही, ते तुम्हाला विचारत आहे. दुसऱ्या मशीनवर नवा बॅकअप झाला असेल तर ‘डाउनलोड’, या मशीनवरचा नवा असेल तर ‘अपलोड’. जी बाजू निवडाल तिच्यासारखी दुसरी बाजू केली जाते, एकत्र मिसळलं जात नाही. म्हणून बटण दाबण्याआधी बॅकअपच्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

चाललं होतं, मग आपोआप थांबलं

दर आठवड्याला थांबतं. गुगल ड्राइव्हसाठी वेग वाढावा म्हणून स्वतःचा क्लायंट आयडी (गुगलकडे आरक्लोनची वेगळी ओळख) बनवलेल्यांना हा त्रास होतो. गुगल क्लाउडमध्ये तो प्रकल्प ‘टेस्टिंग’ अवस्थेत राहिला असेल तर परवानगीचं टोकन 7 दिवसांत मरतं आणि लॉगमध्ये ‘इन्व्हॅलिड ग्रँट’ दिसतं. लोक दर रविवारी पुन्हा लॉगिन करत बसतात. त्यापेक्षा प्रकल्पाच्या परवानगी-पानावर जाऊन ‘पब्लिश ॲप’ दाबा, अवस्था ‘इन प्रॉडक्शन’ करा आणि आरक्लोनच्या ‘कॉन्फिग रीकनेक्ट’ने एकदा नवं टोकन घ्या. ‘हे ॲप तपासलेलं नाही’ असा इशारा येईल. ॲप तुमचंच असल्याने पुढे जायला हरकत नाही. सहा महिने अजिबात वापर नसेल तरही गुगलचं टोकन बाद होतं, तेव्हाही रीकनेक्टच.

परवानगी देताना फक्त आरक्लोनने बनवलेल्या फाइलपुरता प्रवेश निवडणं सुरक्षित. मात्र मग तुम्ही ब्राउझरमधून हाताने टाकलेली झिप आरक्लोनला दिसणार नाही. ‘फाइल समोर आहे आणि प्रोग्राम म्हणतो नाही’ या कोड्याचं उत्तर बहुधा हेच.

लॅपटॉपवरच थांबतं. ठरल्या वेळी बॅकअप चालवायला विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवं काम केलं की ‘फक्त चार्जरवर असतानाच चालव’ ही खूण आधीपासून लावलेली असते, आणि ‘वेळ चुकली तर नंतर लगेच चालव’ ही नसते. पहिली काढा, दुसरी लावा. काम सिस्टिम खात्याखाली चालवू नका: आरक्लोनची कॉन्फिग फाइल तुमच्या अ‍ॅपडेटामध्ये असते, सिस्टिम खात्याचं अ‍ॅपडेटा वेगळं, मग ‘रिमोट (म्हणजे आरक्लोनला जोडलेला क्लाउड) सापडत नाही’ अशी चूक येते आणि हाताने चालवलं की सगळं ठीक दिसतं.

यशस्वी म्हणतं, पण क्लाउडवर काही नाही. हाताने आरक्लोन चालवणाऱ्यांनी रिमोटच्या नावाच्या शेवटचा कोलन बघावा. तो विसर्गासारखा दोन टिंबांचा तुकडा नसेल तर आरक्लोन त्या नावाचं फोल्डर तुमच्याच डिस्कवर करतं आणि इमानेइतबारे त्यात कॉपी करतं. लॉगमध्ये एक सूचना येते, पण लॉग कोण वाचतं. तसंच ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ या कमांडमध्ये गल्लत नको: सिंक उगमात नसलेल्या फाइल मुक्कामी पुसून टाकतं. सेव्हचं फोल्डर चुकून रिकामं असताना सिंक चालवलं तर क्लाउडही रिकामा. कॉपी वापरा. सिंकच हवं असेल तर ‘बॅकअप-डिर’ पर्याय जोडा, म्हणजे पुसायच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, आणि पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ (काहीही न बदलता नुसती चाचणी) करून बघा.

परत आणताना स्टीम आडवा येतो

जुनी सेव्ह रिस्टोअर केली, गेम उघडला आणि पुन्हा नकोशीच सेव्ह आली, तर स्टीम क्लाउडने आपली प्रत वर बसवली आहे. क्रम असा ठेवा. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘जनरल’मध्ये क्लाउड बंद करा. रिस्टोअर करा. गेम उघडा, हवी ती सेव्ह दिसते का पाहा आणि गेममधूनच एकदा नवी सेव्ह करा. बाहेर या. क्लाउड पुन्हा चालू करा. स्टीम दोन्हींतली कुठली ठेवायची विचारेल तेव्हा ‘लोकल’ निवडा. वेळ पाहून निवडू नका, साडेपाच तासांची गंमत इथेही घडते.

दुसऱ्या मशीनवर परत आणताना युजर फोल्डरचं नाव जुळत नाही, ही आणखी एक अडचण. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज लावलं की फोल्डरला सहसा ईमेलची पहिली पाचच अक्षरं मिळतात, त्यामुळे घरी एक नाव आणि हॉस्टेलवर दुसरं. लुडुसावीत ‘रीडायरेक्ट’ म्हणून सोय आहे. जुना मार्ग आणि नवा मार्ग एकदा लिहिला की पुढे तो स्वतः बदलून घेतो. पण एल्डन रिंगसारखी सेव्ह स्टीम खात्याला बांधलेली असते, तिचं फोल्डरच 17 अंकी स्टीम आयडीच्या नावाचं आहे. मित्राच्या खात्यावर ती नुसती कॉपी करून चालत नाही.

बाकीच्या मशीन

लिनक्स आणि स्टीम डेकवर प्रोटॉनमधून (विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनातून) चालणाऱ्या गेमची सेव्ह स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये, गेमच्या क्रमांकाखाली, खोट्या सी ड्राइव्हमधल्या ‘स्टीमयुजर’ या नावाखाली असते. गेम स्टीमबाहेरचा म्हणून जोडला असेल तर तो क्रमांक लांबलचक आणि अनोळखी असतो. फोल्डरच्या बदलाच्या वेळेवरून ओळखा.

रेट्रोआर्कमध्ये (जुन्या कन्सोलच्या गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्वतःचा क्लाउड जोडायची सोय आतच आहे, वेबडीएव्ही या फाइल पाठवायच्या पद्धतीवर चालणारी. नेक्स्टक्लाउड हा स्वतःच्या सर्व्हरवरचा क्लाउड वापरत असाल आणि टू-फॅक्टर चालू असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, सुरक्षा सेटिंगमधून ॲप पासवर्ड काढा. ‘डिस्ट्रक्टिव्ह क्लाउड सिंक’ बंदच ठेवा. मग पुसल्या जाणाऱ्या किंवा बदलणाऱ्या फाइल आधी बॅकअप फोल्डरमध्ये जातात. आणि गेममधली सेव्ह आणि सेव्ह-स्टेट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) यांत फरक करा: कोअरची, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या भागाची, आवृत्ती बदलली की स्टेट उघडेलच याची खात्री नाही. जपायची ती सेव्ह.

कन्सोलवर स्वतःचा क्लाउड लावायला वाव नाही. पीएस5च्या गेमची सेव्ह यूएसबीवर निघत नाही, त्यासाठी प्लेस्टेशन प्लसच लागतं. पीएस4च्या गेमची निघते. स्विचवर निन्टेन्डोचं ऑनलाइन सदस्यत्व हवं, आणि तरी स्प्लॅटून 2 सारख्या काही गेम त्यात नाहीत. अँड्रॉइड 11 पासून फोनवरच्या ‘अँड्रॉइड’ मधलं ‘डेटा’ फोल्डर फाइल मॅनेजरला बंद झालं आहे, तेव्हा फोनवर गेमने दिलेली सोय तेवढीच.

गेम बनवणाऱ्यांसाठी चार ओळी

खेळाडूला आपला क्लाउड लावू द्यायचा तर वनड्राइव्हचं बटण बनवायची गरज नाही. सेव्ह आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की नाव बदला. मधेच लाईट गेली तरी जुनी शाबूत राहते. रिझोल्युशन आणि ग्राफिक्सची सेटिंग सेव्हपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर डेस्कटॉपची 4के सेटिंग साध्या लॅपटॉपवर जाऊन बसते. प्रगती रजिस्ट्रीत ठेवू नका. मेनूत ‘सेव्हचं फोल्डर उघडा’ आणि ‘झिप करा’ अशी दोन बटणं द्या. माइनक्राफ्ट जावामध्ये जगाच्या ‘एडिट’ पानावर ‘मेक बॅकअप’ आहेच, आणि तारखेसकट झिप मिळते.

मदत विचारताना

गेमचं नाव, तो कुठल्या स्टोअरचा, सेव्हचा पूर्ण मार्ग, फाइलचा आकार आणि बदलाची वेळ, किती मशीनवर खेळता, स्टीम क्लाउड चालू आहे का, आणि लॉगच्या शेवटच्या 20 ओळी एवढं दिलंत तर पहिल्याच उत्तरात निदान होतं. आरक्लोनची कॉन्फिग फाइल मात्र कुठेही चिकटवू नका. तिच्यात तुमच्या क्लाउडचं टोकन असतं आणि ते पासवर्डइतकंच चालतं. चुकून टाकलंच असेल तर गुगल खात्याच्या सुरक्षा पानावरून आरक्लोनला दिलेली परवानगी आधी काढा, मग रीकनेक्ट करा. नुसता मजकूर पुसून भागत नाही, कारण तोवर टोकन कोणी उचललं असेल तर ते चालूच राहतं.